वचन मोडणे आणि वचन सोडणे

सीमाभागातल्या मराठी घरात वाढणाऱ्या मुलाला सत्यवचनाची गोष्ट दोनदा ऐकावी लागते. घरी आजी हरिश्चंद्र-तारामती सांगते, आणि शाळेत कन्नडच्या तासाला पुण्यकोटी गाय भेटते. 'गोविन हाडु' कानावर पडले नाही असे मूल बेळगाव, खानापूर, निपाणीकडे सापडणे कठीण. रानात वाघाने अडवलेली गाय त्याला म्हणते, घरी वासरू उपाशी आहे, त्याला पाजून परत येते. वाघ तिला सोडतो. गाय गोठ्यात येते, वासराला पाजते, त्याला इतर गाईंच्या ओटीत घालते आणि खरोखरच वाघापाशी परत जाते. ते पाहून वाघालाच स्वतःची लाज वाटते आणि तो प्राण देतो. कन्नडमध्ये 'मातु' म्हणजे बोलणे आणि 'मातु कोडुवुदु' म्हणजे वचन देणे. मराठीतही आपण 'शब्द'च देतो. दोन्ही भाषांना एकच गोष्ट सुचावी, याची मला नेहमी मौज वाटत आली आहे.

परंतु ही कथा वर्गात निघाली की कोणी ना कोणी विचारतेच, "सर, पण वासराचं काय?" मी बरीच वर्षे नागरिकशास्त्र शिकवले, आणि या प्रश्नाने माझे अनेक तास खाल्ले. गाईचा जीव तिचा. तो वचनासाठी द्यायला ती मोकळी. पण वासराची आई देऊन टाकण्याचा अधिकार तिला कोणी दिला? कथेत वाघच मरतो, त्यामुळे प्रश्न परस्पर मिटतो. वाघ तसा भला निघाला नाही तर काय, याविषयी कथा गप्प राहते.

२०२५ साली युरोपातून ज्या बातम्या येऊ लागल्या त्या वाचताना हे वासरू मला पुन्हा आठवू लागले. विषय होता ओटावा येथे झालेल्या भूसुरुंगबंदी कराराचा. हा करार आपल्याकडे फारसा चर्चिला गेला नाही, म्हणून थोडी हकीकत सांगणे भाग आहे.

भूसुरुंग दोन प्रकारचे. एक रणगाड्यासाठी, दुसरा माणसाच्या पायासाठी. करार आहे तो या दुसऱ्याविषयी. हा सुरुंग पुष्कळदा माणसाला मारीतही नाही, त्याचा पाय नेतो. कारण मेलेल्या शिपायाला तिथेच ठेवता येते, जखमी शिपायाला उचलून न्यायला आणखी दोघे लागतात. हिशेब असा थंड डोक्याने केलेला आहे. परंतु लढाई संपते तेव्हा सुरुंगाला कोणी कळवत नाही. कंबोडिया, अंगोला, अफगाणिस्तान, बोस्निया या देशांत तह झाले, झेंडे बदलले, आणि त्यानंतरही सरपणाला गेलेल्या बायका, गुरे राखणारी पोरे आणि नांगर धरलेले शेतकरी पाय गमावीत राहिले. एक सुरुंग तयार करायला तीन डॉलरही पुरतात; तोच शोधून काढायला तीनशेपासून हजार डॉलरपर्यंत खर्च येतो, असा हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या मंडळींनी त्या काळी मांडला होता.

१९९६ च्या ऑक्टोबरमध्ये ओटावा येथील परिषदेच्या शेवटी कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लॉईड अ‍ॅक्सवर्दी यांनी जमलेल्या राष्ट्रांना अचानक सांगितले की वर्षभराने याच शहरात सही करायला या. मुत्सद्द्यांच्या जगात हे जवळजवळ असभ्य मानले गेले. अशा करारांवर वर्षानुवर्षे खल होतो, स्वल्पविरामावरून भांडणे होतात. इथे तर तारीख आधी आणि मसुदा मागून! पण झाले खरे. १९९७ च्या जानेवारीत राजकन्या डायना अंगोलातील सुरुंगांच्या शेतातून चालत गेली आणि ते छायाचित्र जगभर पोचले. सप्टेंबरमध्ये ओस्लो येथे मसुदा पक्का झाला, डिसेंबरमध्ये ओटावात १२२ देशांनी सह्या केल्या. त्याच वर्षीचे शांततेचे नोबेल पारितोषिक सुरुंगबंदीची आंतरराष्ट्रीय चळवळ आणि तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना मिळाले. १ मार्च १९९९ पासून करार अमलात आला. पुढे सदस्य देश १६० च्या वर गेले. त्यांनी मिळून साडेपाच कोटींहून अधिक साठवलेले सुरुंग नष्ट केले. एके काळी सुरुंगांनी विंचरून काढलेला मोझांबिक २०१५ साली सुरुंगमुक्त जाहीर झाला. तिथे हे काम करणाऱ्यांत वास घेऊन सुरुंग हुडकणारे शिकवलेले मोठे उंदीरही होते. (आपल्याकडे उंदराला गणपतीच्या पायाशी जागा आहे; मोझांबिकने त्याला मानाने पगारी नोकरीच दिली म्हणायची.)

करारावर ज्यांनी सही केली नाही त्यांत अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान आहेत, आणि आपला भारतही आहे. त्याकडे पुढे येतो.

आता २०२५. रशियाच्या शेजारी असलेल्या एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया, फिनलंड आणि पोलंड या पाच देशांनी त्या वर्षी एकामागून एक नोटीस दिली की आम्ही या करारातून बाहेर पडत आहोत. नियमाप्रमाणे सहा महिने गेले, आणि २०२५ चा डिसेंबर ते २०२६ चा फेब्रुवारी या काळात पाचही देश बाहेर पडले. यातले फिनलंड मला जास्त बोचते. रशियाशी त्याची सीमा सुमारे १,३४० किलोमीटरची. तो देश करारात आला २०१२ साली, बराच विचार करून. आणि २०१५ अखेर त्याने आपले दहा लाखांवर सुरुंग स्वतःच्या हाताने नष्ट केले. दहा वर्षांनी तोच देश म्हणाला, आता आम्हाला ते पुन्हा हवेत.

याला वचनभंग म्हणावे काय? माझे काही मित्र तडक 'हो' म्हणतात. मला ते घाईचे वाटते. मराठीत 'मोडणे' आणि 'सोडणे' ही दोन क्रियापदे एका अक्षराच्या अंतरावर आहेत, पण त्यांतला फरक मोठा आहे. ज्याने सही ठेवून गुपचूप सुरुंग पेरले, त्याने वचन मोडले. ज्याने आपल्या संसदेत उघड चर्चा केली, मतदान घेतले, लेखी नोटीस दिली आणि मुदत संपेपर्यंत थांबला, त्याने वचन सोडले. घर भाड्याने घेतलेला माणूस महिन्याची नोटीस देऊन जातो तेव्हा आपण त्याला लबाड म्हणत नाही. पाचही देश करारातल्याच दारातून गेले. विसावे कलम हे ते दार.

पण मग पहिले कलम वाचावे. त्यात म्हटले आहे की सही करणारा देश कोणत्याही परिस्थितीत, कधीही, हे सुरुंग वापरणार नाही. कोणत्याही परिस्थितीत! कधीही! आणि विसावे म्हणते, सहा महिन्यांची नोटीस द्या आणि जा. एकाच कागदावर ही दोन्ही वाक्ये सुखाने नांदतात. लग्नात सप्तपदी झाल्यावर भटजींनी हळूच घटस्फोटाचा अर्ज हातात द्यावा, तसे काहीसे. वकील मंडळी सांगतील की दार नसते तर कोणी आतच आले नसते, आणि ते खरेही आहे. अण्वस्त्रप्रसारबंदीच्या करारातही असेच दार आहे. उत्तर कोरियाने २००३ साली त्याच दारातून जात असल्याचे जाहीर केले. आणि ज्या कॅनडाने ओटावात जगाला बोलावले, तोच २०११ साली हवामानाच्या क्योटो करारातून निघाला, पहिल्या मुदतीचा हिशेब मांडण्याची वेळ जवळ आली असताना.

मात्र विसाव्या कलमात आणखी एक ओळ आहे, आणि ती मला त्या साऱ्या मसुद्यातली सर्वांत शहाणी ओळ वाटते. नोटिशीची मुदत संपताना जर तो देश युद्धात असेल, तर युद्ध संपेपर्यंत त्याची सुटका नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारांतही अशीच अट आहे. म्हणजे मसुदा करणाऱ्यांना माणूस ठाऊक होता. पावसाळा सुरू झाल्यावर छत्री मोडीत काढता येणार नाही, असा तो नियम. युक्रेन या ओळीत अडकला. त्याने २००५ साली हा करार मान्य केला होता. २०२२ पासून रशियाने त्याच्या भूमीत बेसुमार सुरुंग पेरले. २०२५ च्या जूनमध्ये युक्रेनने बाहेर पडण्याचा हुकूम काढला, परंतु युद्ध चालू असल्यामुळे दार बंद. मग त्याने करार 'स्थगित' केल्याचे कळवले. स्थगितीचे कलम करारात कुठेच नाही. फिनलंड, पोलंड आणि बाल्टिक देशांनी मात्र आभाळ भरून आलेले पाहून, पहिला थेंब पडण्याआधीच दार गाठले.

इथे मला त्यांच्या बाजूने बोललेच पाहिजे. पुण्यकोटीने पणाला लावला तो स्वतःचा देह. मंत्री पणाला लावतो तो दुसऱ्यांचा. ज्याच्या हातात लाखो वासरे सोपवलेली आहेत त्याने वाघाच्या लाजेवर भरवसा ठेवून गुहेकडे चालत जावे, असे म्हणणे मला क्रूर वाटते. महाभारतात कर्णपर्वात अर्जुनाची अशीच कोंडी होते. 'गांडीव दुसऱ्याला दे' असे जो म्हणेल त्याचा वध करीन, अशी त्याची प्रतिज्ञा. आणि नेमका युधिष्ठिर रागाच्या भरात तसे म्हणून बसतो. अर्जुन तलवार उपसतो. तेव्हा कृष्ण त्याला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. कौशिकाचे व्रत सत्य बोलण्याचे. जिवाच्या भीतीने पळालेली माणसे कुठे लपली हे त्याने दरोडेखोरांना खरेखरे सांगितले, ती माणसे मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. व्रत माणसांसाठी असते हे त्याला उमगले नव्हते. फिनलंडचा संरक्षणमंत्री महाभारत वाचीत असता तर त्याने या कथेवर बोट ठेवले असते, आणि मी त्याला चटकन उत्तर देऊ शकलो नसतो.

तरीही दोन गोष्टी मला खटकतात. पहिली अशी की अर्जुनाची प्रतिज्ञा त्याची एकट्याची होती. तिच्या भरवशावर दुसऱ्या कोणी काही केले नव्हते. ओटावात एकाच्या सहीकडे पाहून दुसऱ्याने आपली कोठारे रिकामी केली. अंगोला, मोझांबिक असे गरीब देश सांगू शकले की बघा, श्रीमंत देशांनीही हे हत्यार टाकले, ते आता लाजिरवाणे झाले आहे. ती लाज हीच या कराराची खरी ताकद होती, पोलीस तर त्याच्याजवळ नव्हतेच. नॉर्वेची सीमाही रशियाला भिडते. तो देश करारात राहिला, तो बहुधा ही लाज शाबूत राहावी म्हणूनच. शिवाय २०१२ साली फिनलंडने सही केली तेव्हाही रशियाने सही केलेली नव्हती. शेजाऱ्याने वचन दिलेले नाही हे ठाऊक असूनच शब्द दिला गेला होता.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. वचनातून सोडवण्याचा अधिकार कोणाचा? ज्याला वचन दिले त्याचा. मी तुमचे पैसे देणे लागतो. तुम्ही 'राहू द्या' म्हणालात तर मी सुटलो. माझे मीच 'राहू द्या' म्हणून चालत नाही. मग सुरुंग न पेरण्याचे हे वचन दिले होते कोणाला? रशियाला नव्हेच. इतर सदस्य देशांना, असे कागद सांगतो, आणि सहा महिन्यांची नोटीस जाते ती त्यांनाच. परंतु करार ज्याच्यासाठी झाला तो माणूस त्या सभागृहात बसलेलाच नव्हता. लढाईनंतर वीस वर्षांनी त्या रानात शेळ्या घेऊन जाणारे पोर, अजून जन्मालाही न आलेले. २०२३ साली जगात सुरुंगांनी आणि तशाच मागे राहिलेल्या स्फोटकांनी मारलेल्या वा जायबंदी केलेल्यांची नोंद ५,७५७ इतकी झाली, आणि त्यांत शंभरातली चौऱ्याऐंशी माणसे नागरिक होती. नोटीस या लोकांच्या पत्त्यावर जात नाही. म्हणजे वर्गातला तो प्रश्न दुप्पट होऊन परत येतो: वासरू एका बाजूला नसून दोन्ही बाजूंना आहे. आजचे वासरू गोठ्यात आहे, उद्याचे कुरणात. मंत्र्याला पहिले दिसते, कारण त्याचे आईबाप मतदार आहेत.

आता आपल्याकडे येऊ, कारण परक्याच्या वचनाची झाडाझडती घेणे फार सोपे असते. भारताने सही केली नाही. कारण दिले गेले ते लांबलचक सीमांचे. सुरुंग जगातून जावेत हे उद्दिष्ट मान्य, पण तोवर संरक्षणासाठी ते लागतात, अशी आपली भूमिका राहिली आहे. दुसऱ्या एका करारातला सुधारलेला नियम मात्र आपण मान्य केला आहे: सुरुंगक्षेत्राला कुंपण घालावे, पाट्या लावाव्यात, नकाशे ठेवावेत. निर्यातही थांबवलेली आहे. फिनलंड आणि त्याचे सोबती हा नियम अजून पाळतातच. म्हणजे ओटावा सोडून ते आता आपल्याच बाकावर येऊन बसले आहेत.

या बाकावर बसणे कसे असते ते मी एका निवृत्त सुभेदारांकडून ऐकले आहे. चंदगडकडचे, आता शेती करतात. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे आपल्या मुलखात घरटी नाही तरी गल्लीला एक फौजी असतोच, आणि दिल्लीत ठरलेल्या गोष्टी आपल्याकडे वर्तमानपत्राआधी पत्रातून किंवा फोनवरून कळतात. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि 'ऑपरेशन पराक्रम' सुरू झाले. जम्मूपासून राजस्थानपर्यंत सीमेवर लाखो सुरुंग पेरले गेले, पुष्कळसे शेतकऱ्यांच्या जमिनीत. युद्ध झाले नाही. २००२ च्या ऑक्टोबरात फौजा मागे घ्यायचे ठरले, आणि सुरुंग काढण्याचे काम त्यानंतर कितीतरी काळ चालले. शिपाई गेले, शेतकरी गेले, गुरे गेली.

सुभेदार तेव्हा राजस्थानात होते. मी त्यांना एकदा विचारले की हे हत्यार असावे की नसावे. त्यांनी तंबाखू मळता मळता सांगितले, "मास्तर, रात्री चौकीत चारच माणसं असताना पुढं सुरुंग हाईत म्हटलं की डोळा लागतो. ते खोटं कशाला बोलू?" आणि थोड्या वेळाने, मी न विचारता: "पेरायला दिवस मोजके लागले. काढायला गेलो तर नकाशात खूण एकीकडं आणि माल दुसरीकडं. वाळू सरकते की ओ. आमचा एक पोरगा असाच गेला, लढाई नाही काही नाही." इतकेच बोलून ते उसाच्या बिलाकडे वळले.

'आम्ही शब्दच दिला नाही, म्हणून आम्ही खोटे पडलो नाही' असे आपल्याकडे पुष्कळजण मोठ्या समाधानाने म्हणतात. त्यात तथ्य आहे. न पेलणारे वचन न देणे यात एक प्रामाणिकपणा असतो. पण त्या समाधानावर मी फार काळ बसू शकत नाही. उधार न घेणारा माणूस कर्जबाजारी होत नाही हे खरे, परंतु त्याने बांधावर खणलेल्या खड्ड्यात शेजारचे पोर पडले तर 'मी कुठे सही केली होती?' हे उत्तर कोणती पंचायत ऐकून घेईल? सही न केलेल्याचेही देणे असते. त्याने निदान कुंपण घालावे, नकाशा खरा ठेवावा, काम झाले की उकरून काढावे आणि ज्याचा पाय गेला त्याला खेटे घालायला लावू नये. फिनलंडनेही यापुढे जे करायचे ते हेच, आणि आपल्याला पंचवीस वर्षांचा जो अनुभव आहे तो त्यांना अजून यायचा आहे.

मला स्वतःला विचाराल तर मी फिनलंडला दोष देऊ धजत नाही आणि त्याच्यामागून जाऊही म्हणत नाही. त्याची भीती खरी आहे. पण 'कोणत्याही परिस्थितीत' हे शब्द लिहिताना त्यांच्या मनात हीच परिस्थिती असायला हवी होती. सुखाच्या दिवसांत सुरुंग कोण पेरतो? ते शब्द पेलणार नव्हते तर दुसरे लिहायचे होते.

मागच्या उन्हाळ्यात सुभेदार बेळगावात दवाखान्याच्या कामाला आले होते, तेव्हा घरी चहाला थांबले. मी त्यांना फिनलंडची ही सारी हकीकत सांगितली, नकाशावर ती लांबलचक सीमा दाखवली. करार, कलम, नोटीस यांत त्यांना फारसा रस वाटला नाही. बराच वेळ नकाशा न्याहाळून त्यांनी विचारले, "हितं बर्फ किती पडतो?"

मी म्हटले, चार-पाच महिने तरी, उत्तरेकडे त्याहून जास्त.

"मग बर्फ वितळला की दर साली नकाशा नव्यानं काढायला लागंल," ते म्हणाले, आणि औषधांची पिशवी घेऊन बसच्या वेळेला निघाले.